श्वास सापडत नाही

पिवळा दिवा म्हणजे थांबून बघ. लाल म्हणजे धाव.
एवढं पहिल्याच आठवड्यात शिकले.
पुस्तिका पाच भाषांत होती, आपली त्यांत नव्हती.
म्हणून शिरगुप्पे. कंपनीचा माणूस, राहतो भोसरीत,
बोलतो असा, जणू मी नवा फ्रीज बघायला आलेय.
“मॅडम, एकेक करून बघू.”

नळी मुडपलेली, खुर्चीच्या पायाखाली. सोडवली.
गाळणी काढली, तर जाळीवर लाल थर.
सड्यावरचा जांभा तीस वर्षं कापला आबांनी.
खाण बंद पडून नऊ झाली,
धूळ मात्र अजून पत्ता विसरलेली नाही.
गाळणी धुतली. “सावलीत वाळवा,” शिरगुप्पे म्हणाला.
मुणग्यात, जुलैत, सावलीत!
अडीच दिवस ती पंख्याखाली होती
आणि मी तिच्याकडे बघत.

एकदा यंत्रच तापलं.
भिंतीपासून वीतभर लांब हवं होतं ते,
आणि मी त्यावर गोधडी घातलेली
रात्री गारठा होता म्हणून.
कुणाला गारठा, ते विचारू नका.

लाइट गेली तर बॅटरी चार तास, असं कागदावर.
आमच्याकडे पावणेतीन.
त्या रात्री एकच काडी उरली तेव्हा रिक्षा केली
आणि बर्फाच्या कारखान्यात गेलो. गावात जनरेटर तेवढाच.
बांगड्यांच्या क्रेटांमधे खुर्ची टाकून
आबा पहाटेपर्यंत बसले, नाकात नळी,
लुंगीवर खवले.
“माका पण बर्फात घाल गो,” म्हणाले,
“सकाळी गाडी जातलीच हा.”

हे सगळं सुटण्यातलं होतं.
न सुटणारा एकच आवाज,
संध्याकाळी सातच्या पुढे, तीन वेळा टिर्र, मग थांबून परत.
पडद्यावरची अक्षरं मी एकेक वाचून दाखवली.
शिरगुप्पेनं मराठी करून सांगितलं:
“श्वास सापडत नाही.”

मी नाकाखाली तळहात धरला. होता श्वास.
बोटाला चिमटा लावला. ब्याण्णव.
नळी नवी घातली, बॅटरी काढून परत बसवली,
यंत्र ओट्यावरून माजघरात, माजघरातून पडवीत.
शेवटी गॅसच्या वहीत मागच्या पानावर वेळा लिहीत गेले:
सात दहा. सात पंचवीस. पावणेआठ.
मंगळवारी काहीच नाही.
पुढच्या मंगळवारीही नाही.

मंगळवारी बाबल मेस्त येत नाही.

बाबल खाणीतला जोडीदार. तो आला की आबा बोलतात,
आणि बोलताना माणूस तोंडाने श्वास घेतो.
यंत्राला फक्त नाकाचं ऐकू येतं.
गोष्ट लांबली, की त्याच्या हिशेबी माणूस गेलेला.

“मग सोपं आहे मॅडम,” शिरगुप्पे म्हणाला,
“पेशंटला कमी बोलायला सांगा.”

सांगितलं. आबांनी मान हलवली.
तीन दिवस एकही टिर्र नाही.
बाबल यायचा, बसायचा, कोंबड्यांकडे बघायचा, उठायचा.
तुम्हीच काहीतरी बोला, म्हटलं मी त्याला.
तो हसला. जन्मभर ऐकलेलंच त्यानं.
घरात नुसता पंपाचा फुस्स, फुस्स,
आणि माझ्या भाकरीची थाप.

चौथ्या दिवशी पीठ तसंच ठेवून पडवीत आले.
चिमटा त्यांच्या बोटाला लावला,
माझं बोट आवाज बंद करायच्या बटणावर.
“आबा,” म्हटलं, “ती चिऱ्याखाली नागीण निघालेली,
ती कुठल्या खाणीत?”

त्यांनी आधी यंत्राकडे बघितलं. मग माझ्याकडे.
मग बाबलकडे वळून,
चौदा नऊ सातचा एक अख्खा चिरा हातांनी हवेत मांडून, सुरू झाले.
टिर्र.
दाबलं. “नाकानं,” मी म्हटलं.
त्यांनी तोंड मिटून एक घेतला. फुस्स.
आकडा एकोणनव्वदवरून नव्वद,
नव्वदवरून एक्याण्णव.

“हां,” बाबल म्हणाला, “मगे?”